‘माझी अध्यापनभूमिका’ : साताऱ्यातील चार शनिवारांची कार्यशाळा

गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी चार शनिवारांची एक कार्यशाळा झाली. आपण का आणि कसे शिकवतो हे एका पानात लिहून काढायचे, एवढाच तिचा विषय होता. शुल्क २,४०० रुपये होते आणि त्यात दोन वेळचा चहा, दुपारचे जेवण व छापील साहित्य यांचा समावेश होता. वेळ सकाळी दहा ते दुपारी चार आणि जागा राजवाड्याजवळच्या एका जुन्या वाड्याची माडी. कराड, वाई, फलटण, कोरेगाव, विटा अशा ठिकाणांहून आलेले आम्ही सोळा जण होतो. निवृत्त प्राध्यापकांचा एक लहानसा गट हे काम चालवतो. त्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवा स्पष्टपणे लिहायच्या आहेत आणि नावाचा बोभाटा न होता त्यांना त्या दुरुस्त करता याव्यात अशी माझी इच्छा आहे. ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांना साताऱ्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये चौकशी केली तर पत्ता मिळेल.

अशा कार्यशाळेची गरज काय, हा प्रश्न मलाही घरातून आणि महाविद्यालयातून विचारला गेला. शाळेत शिक्षक व्हायचे असेल तर डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) किंवा बी.एड. करावे लागते, पाठाचे टाचण काढावे लागते, कोणीतरी मागच्या बाकावर बसून आपला सराव पाठ पाहतो आणि तो कुठे फसला हे सांगतो. महाविद्यालयात मात्र विषयातील पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट यांसारखी पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. एवढ्यावर माणूस वर्गात उभा राहतो. त्याला शिकवता येते का, हे कोणी पाहत नाही आणि तो का शिकवतो, हे तर कोणी विचारतच नाही. मी चौदा वर्षे अर्थशास्त्र शिकवते आहे. या काळात मुलाखतीत, पदोन्नतीच्या वेळी, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) तयारीत माझे शोधनिबंध मोजले गेले, प्रमाणपत्रे तपासली गेली, उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग केल्याच्या नोंदी मागितल्या गेल्या. ‘तुम्ही हा घटक याच पद्धतीने का शिकवता?’ असे मला चौदा वर्षांत पहिल्यांदा या माडीवर विचारण्यात आले.

अमेरिका आणि कॅनडातील विद्यापीठांत नोकरीसाठी अर्ज करताना अनेक ठिकाणी संशोधनाच्या माहितीबरोबर असे एक-दोन पानांचे निवेदन जोडावे लागते. विद्यार्थी कसे शिकतात याविषयी उमेदवार काय मानतो, त्यानुसार तो वर्गात काय करतो आणि ते साधले की नाही हे त्याला कशावरून कळते, एवढे त्यात अपेक्षित असते. इंग्रजीत त्याला ‘टीचिंग फिलॉसॉफी’ म्हणतात. मराठीत ‘अध्यापनाचे तत्त्वज्ञान’ म्हटले की ग्रंथ लिहायला बसल्यासारखे वाटते आणि हात आखडतो, म्हणून मार्गदर्शकांनी पहिल्याच तासाला ‘भूमिका’ हा शब्द ठरवला. मला तो योग्य वाटला, कारण भूमिका घेतली की तिच्यावर उभे राहावे लागते.

पहिल्या शनिवारी कोणतेही व्याख्यान झाले नाही. आल्या आल्या प्रत्येकाला एक कोरा कागद देऊन अर्ध्या तासात आपली भूमिका लिहायला सांगितले. मी लिहिले ते असे होते : ‘अध्यापन हे ज्ञानदानाचे पवित्र कार्य असून विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे हे माझे ध्येय आहे. मी विद्यार्थीकेंद्रित पद्धतीने अध्यापन करते.’ मार्गदर्शकांपैकी शिक्षणशास्त्र शिकवलेल्या मॅडमनी सगळे कागद गोळा केले, कोणाचेही नाव न घेता एकामागून एक वाचले, आणि सोळांपैकी अकरा कागदांत ‘सर्वांगीण विकास’ आहे एवढेच सांगितले. मग फळ्यावर पाच शब्द लिहून त्यांवर चारही शनिवार बंदी घातली : ज्ञानदान, सर्वांगीण विकास, विद्यार्थीकेंद्रित, मूल्याधिष्ठित आणि पवित्र. ‘हे शब्द खोटे नाहीत, पण ते कोणीही कोणत्याही विषयाबद्दल लिहू शकतो. मला तुमचा वर्ग दिसला पाहिजे,’ असे त्या म्हणाल्या. त्यानंतरचे काम होते आपल्याला आठवणारा, शक्यतो न साधलेला, एक तास जसाच्या तसा लिहिण्याचे.

या ठिकाणी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझ्यासाठी या कार्यशाळेचे मोल ज्या एका गोष्टीत आहे ती येथेच घडली.

मी तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमधला प्रथम वर्षाचा एक तास लिहिला. पुरवठ्याचा नियम शिकवत होते. इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की पुरवठा वाढतो आणि किंमत घटली की पुरवठा घटतो. फळ्यावर डावीकडून उजवीकडे वर चढत जाणारा वक्र काढून झाला होता. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर खंडाळा तालुक्यातून एसटीने येणारी एक मुलगी बसत असे. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, आमच्यात उलटं होतं. लोणंदच्या बाजारात भाव पडायला लागला की वडील जास्त गोण्या घेऊन जातात.’ मी घड्याळाकडे पाहिले. ‘ते अपवादात येतं. परीक्षेत पुस्तकातलं लिही,’ असे सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. तास संपल्यावर बाकांमधून जाताना तिची उघडी वही दिसली. तिने आकृतीत स्वतःच्या मनाने एक खाली येणारा बाण काढला होता आणि तो खोडरबराने पुसला होता. कागदावर त्याची करडी खूण राहिली होती. त्या मुलीने वर्षभरात पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

हे मी वाचून दाखवले तेव्हा मॅडमनी विचारले, ‘मग खरं कोणाचं होतं, त्या मुलीचं की पुस्तकाचं?’ मी म्हणाले, दोघांचेही. लोणंदचा हळवा, म्हणजे लवकर तयार होणारा, कांदा साठवणुकीत टिकत नाही, त्यामुळे भाव उतरला म्हणून तो घरी ठेवून देण्याची सोय शेतकऱ्याला नसते. उद्या भाव आणखी पडेल अशी धास्ती असते, म्हणून जो माल पुढच्या आठवड्यात काढायचा तो आजच काढून गाडीत भरला जातो. सोसायटीचे कर्ज किंवा दुकानदाराची खताची उधारी डोक्यावर असते, तेव्हा ठरावीक रक्कम उभी करायला कमी भावात जास्त माल विकावा लागतो. पुस्तकातील नियम ‘इतर परिस्थिती कायम असताना’ या चार शब्दांवर उभा आहे आणि त्या मुलीच्या घरी यांतील एकही परिस्थिती कायम नव्हती. एवढे बोलून झाल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न केला : ‘हे सगळं तुम्हाला माहीत होतं. मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?’ मी म्हणाले, ‘पोर्शन संपवायचा होता.’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मग तसं लिहा. त्या दिवशी तुमची भूमिका पोर्शन संपवणं हीच होती. माणसाची भूमिका तो काय बोलतो त्यावरून कळत नाही. वेळ कमी असताना तो काय सोडून देतो, त्यावरून कळते.’

मी ते वाक्य वहीत लिहून घेतले आणि घरी गेल्यावर बराच वेळ त्यावर विचार करत बसले. अर्थशास्त्राच्या शिक्षिकेला हे कळायला हरकत नव्हती, कारण निवड करताना जे सोडावे लागते तीच त्या निवडीची खरी किंमत, हे आम्ही पहिल्या सत्रातच शिकवतो.

दुसरा शनिवार चार प्रश्नांचा होता. शिकणे म्हणजे काय घडते असे मी मानते, ते घडावे म्हणून मी काय करते, माझ्या विषयातून विद्यार्थ्याने काय घेऊन बाहेर पडावे असे मला वाटते, आणि हे घडते आहे हे मला कशावरून कळते. यांतील पहिल्या तिन्हींची उत्तरे सर्वांनी भराभर लिहिली. चौथ्यापाशी माडी शांत झाली. ‘निकालावरून’ असे बहुतेकांनी लिहिले होते. भौतिकशास्त्र शिकवलेले दुसरे मार्गदर्शक सर त्यावर म्हणाले की निकालावरून परीक्षा जमली हे कळते, पण समजले की नाही हे कळायला वेगळी साधने लागतात. मग त्यांनी एक अगदी साधे साधन दिले : तासाची शेवटची तीन मिनिटे राखून ठेवायची आणि विद्यार्थ्यांनी एका चिठ्ठीवर, नाव न घालता, ‘आज काय कळले’ आणि ‘काय अडले’ अशी दोन वाक्ये लिहून द्यायची. ही युक्ती जगभर वापरली जाते, तिला काही खर्च येत नाही, आणि मी ती तोपर्यंत एकदाही वापरली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी एक प्रश्नावली भरून घेतली गेली. शिकवण्याच्या पाच दृष्टिकोनांपैकी आपला कल कुठे आहे हे तिच्यातून दिसते : आशय नेमकेपणाने पोहोचवणारा, शिकाऊ उमेदवारासारखे हाताखाली घेऊन काम शिकवणारा, विद्यार्थ्याची विचार करण्याची रीत घडवणारा, त्याचा आत्मविश्वास जपणारा, आणि शिक्षणातून समाज बदलू पाहणारा. मूळ प्रश्नावली परदेशातील आहे. तिच्या कर्त्यांनी या पाचांत उच्च-नीच मानलेले नाही, हे सरांनी दोनदा सांगितले आणि ते सांगणे आवश्यक होते, कारण माझ्यासह अनेकांचे गुण पहिल्या दृष्टिकोनाकडे झुकले होते आणि आपण जुनाट ठरलो असे वाटून चेहरे उतरले होते. आशय नीट पोहोचवणे ही हलकी गोष्ट नाही. विषय पक्का असलेला, फळा स्वच्छ मांडणारा, एकही चुकीचे वाक्य न बोलणारा शिक्षक ज्यांना मिळाला त्यांना तो जन्मभर आठवतो. मात्र मराठी भाषांतर फार ओबडधोबड होते; काही वाक्ये तीन-तीनदा वाचूनही उलगडत नव्हती, आणि विट्याहून आलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी तर तीन वाक्ये तिथेच नव्याने लिहून दिली. ती छापील प्रतीत घ्यावीत, ही माझी विनंती आहे.

तिसऱ्या शनिवारी सकाळी आम्ही चालत निघालो. राजवाड्याच्या परिसरात भरणाऱ्या ज्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तिथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा होतो. साताऱ्याच्या माणसाला हे ठाऊक असते आणि त्याचा अभिमानही असतो. सरांनी मात्र आम्हाला दुसरी गोष्ट आठवायला लावली. लहानपणीच्या वर्गात आपल्याला गुणांनुसार इतरांमध्ये बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळे बसावे लागे आणि बसायचे तरटही घरून न्यावे-आणावे लागे, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘त्या वर्गातल्या शिक्षकांचीही एक भूमिका होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण मुलाला ती रोज दिसत होती,’ असे सर म्हणाले आणि मग विचारले, ‘तुमच्या वर्गात कोण कुठे बसतं, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?’

तिथून आम्ही रिक्षांनी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीच्या परिसरात गेलो. त्यांनी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले येथे सुरू झाली आणि १९२४ मध्ये तिचे मुख्यालय साताऱ्यात आले, हा तपशील येथील प्रत्येक शिक्षकाला पाठ असतो. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते ज्या छत्रपती शाहू बोर्डिंगचे नामकरण झाले, तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतःच्या हातांनी काम करत. मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. झाडाखाली बसून आम्हाला एकच काम दिले होते : या कृतींवरून कर्मवीरांची अध्यापनभूमिका चार वाक्यांत लिहा. सोळा जणांची उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी सारखी आली. मग मॅडम म्हणाल्या, ‘आता तुमच्या गेल्या आठवड्यातल्या कृतींवरून तुमची भूमिका शेजारच्याला लिहायला सांगा.’ माझ्या शेजारी कराडचे गणिताचे एक तरुण प्राध्यापक होते. माझ्या वेळापत्रकावरून आणि सांगण्यावरून त्यांनी लिहिले : ‘मॅडम वेळेवर येतात, घटक वेळेत पूर्ण करतात, प्रश्नांना नंतर उत्तर देऊ असे म्हणतात.’ त्यात काहीही चूक नव्हते. इतके सरळ आणि आदराने लिहिलेले निरीक्षण माझ्याविषयी यापूर्वी कोणी केले नव्हते, आणि या सत्रासाठीच मी ही कार्यशाळा इतरांना सुचवते.

दरम्यानच्या आठवड्यांत गृहपाठ होता. आपल्या एका तासाच्या तीन विद्यार्थ्यांच्या वह्या मागून घ्यायच्या आणि आपण जे बोललो त्यातले किती त्या वह्यांत उतरले ते पाहायचे. मी पाहिले. मागणीची लवचिकता समजावताना मी वीस मिनिटे जे बोलले त्याचे तिन्ही वह्यांत मिळून एक सूत्र आणि ‘महत्त्वाचे’ असा शब्द होता. दुसरा गृहपाठ म्हणजे एका सहकाऱ्याला आपल्या तासाला बसवणे आणि त्याच्याकडून टिपण घेणे.

चौथ्या शनिवारी प्रत्येकाने आपले पान मोठ्याने वाचले. एका सहकाऱ्याचे पान फार सफाईदार होते आणि ते मोबाइलवरच्या एआयकडून लिहून घेतले आहे हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितले. महाविद्यालयात अंतर्गत मूल्यमापनाचे काम चालू होते आणि त्यांना सवड मिळाली नव्हती. मॅडमनी त्यांना एका शब्दानेही दुखावले नाही. त्यांनी एवढेच विचारले की या पानात तुमचा एक तरी विद्यार्थी मला दाखवा. त्या सहकाऱ्यांनी पान बाजूला ठेवले आणि त्यांच्या प्रयोगशाळेत ब्युरेटचे (द्रव मोजण्याच्या काचेच्या नळीचे) वाचन घेताना नेहमी डोळा वर ठेवणाऱ्या आणि म्हणून दर वेळी चुकीचा आकडा लिहिणाऱ्या एका मुलाविषयी दहा मिनिटे बोलले. त्या मुलाला आकडा न सांगता आपण कसे शेजारी गुडघ्यावर बसलो आणि ‘माझ्या डोळ्याच्या पातळीला ये’ म्हणालो, ते त्यांनी करून दाखवले. बोलणे संपल्यावर त्यांना कळले की त्यांचे पान तयार झाले आहे.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव ही की नमुन्यादाखल दिलेली सर्व निवेदने परदेशी विद्यापीठांतील होती. ज्या वर्गात पंचवीस विद्यार्थी असतात, प्रत्येकाचा निबंध शिक्षक दोनदा तपासतो आणि आठवड्यात ठरलेल्या वेळी त्यांना भेटतो, त्या वर्गातील भूमिका माझ्या एकशे दहा विद्यार्थ्यांच्या वर्गाला जशीच्या तशी लागू होत नाही. माझे निम्मे विद्यार्थी दुपारी चारच्या एसटीसाठी साडेतीनला वर्गातून उठतात, ऊसतोडीच्या आणि सुगीच्या दिवसांत हजेरी पातळ होते, आणि अनेकांच्या घरात महाविद्यालयात पाऊल ठेवणारे ते पहिलेच असतात. अशा वर्गात शिकवणाऱ्या मराठी प्राध्यापकांची पाच-सहा पाने या गटाने मिळवून छापायला हवीत. सातारा-सांगली भागात चांगले शिकवणारी माणसे कमी नाहीत. त्यांना कोणी लिहायला सांगितलेले नाही एवढेच.

दुसरी उणीव मला अधिक टोचली. आमच्यातले सात जण तासिका तत्त्वावर काम करणारे होते. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते, एका दिवसात दोन-दोन महाविद्यालये करावी लागतात, आणि पुढच्या वर्षी हाच विषय आपल्याकडे असेल का, हे त्यांना माहीत नसते. सहकाऱ्याला तासाला बसवण्याचा गृहपाठ त्यांतील पाच जणांना करता आला नाही, कारण त्यांच्या रिकाम्या वेळात ते एसटीत होते. कार्यशाळेत यावर सहानुभूतीचे चार शब्द बोलले गेले, पण मार्ग निघाला नाही. ज्याची नोकरीच हंगामी आहे त्याने दीर्घ पल्ल्याची भूमिका कशी लिहायची, हा प्रश्न वाईच्या एका तरुण प्राध्यापिकेने थेट विचारला तेव्हा पुढचे सत्र सुरू करण्याची घाई झाली. त्या दिवशी माडीवरही पोर्शनच संपवला गेला, असे मला वाटले आणि मी ते अभिप्रायपत्रात लिहिलेही. अशा सहभागींसाठी शुल्क निम्मे करावे, तासाला सहकारी बसवण्याऐवजी मोबाइलवर स्वतःच्या तासाचे ध्वनिमुद्रण करून ऐकण्याची सोय द्यावी, आणि त्यांच्या परिस्थितीवर एक पूर्ण सत्र ठेवावे. नेट-सेट झालेली, मनापासून शिकवणारी ही पिढी आज आमच्या महाविद्यालयांचा मोठा भार वाहते आहे. त्यांना वगळून अध्यापनाचा विचार करता येणार नाही.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. अंतिम पानावर दोन आठवड्यांत लेखी अभिप्राय देऊ असे सांगितले होते. तो सात आठवड्यांनी आला आणि अडीच ओळींचा होता. सोळा पाने काळजीपूर्वक वाचायला वेळ लागतो हे मी समजू शकते, पण मग मुदत तशी सांगावी. माडीवर पंखे दोनच होते. जेवण साधे आणि उत्तम होते. भाकरी, पिठले आणि ठेचा गरम मिळत असे.

कार्यशाळेनंतर वर्गात काय बदलले, हे सांगितल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. या डिसेंबरात पुरवठ्याचा नियम आला तेव्हा मी आदल्या दिवशी विद्यार्थ्यांना सांगितले की ज्यांच्या घरचा माल बाजार समितीत जातो त्यांनी आडत्याकडची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, घेऊन यावे. नऊ पट्ट्या आल्या. एक मी फळ्यावर उतरवली : बारा गोण्या, वजन सहा क्विंटल चाळीस किलो, दर क्विंटलला ९०० रुपये, एकूण ५,७६० रुपये, त्यातून हमाली-तोलाई १२० आणि गाडीभाडे ६०० वजा होऊन हातात ५,०४०. पट्टी आणणारा मुलगा म्हणाला की त्याच्या आदल्या आठवड्यात दर जास्त होता तेव्हा सातच गोण्या नेल्या होत्या. वर्गातून आपोआप प्रश्न आला, ‘मग नियम चुकला का?’ मी ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि त्या घरातले काय काय कायम नव्हते याची यादी त्यांच्याकडून काढून घेतली. हळवा माल, ढगाळ हवा, भाव आणखी पडण्याची भीती, बहिणीची फी, सोसायटीचा हप्ता. यादी फळ्याच्या तळाशी पोहोचली. त्यानंतर नियम सांगितला, आकृती काढली, आणि परीक्षेत तो कसा लिहायचा हेही सांगितले, कारण शिवाजी विद्यापीठाचा पेपर माझ्या विद्यार्थ्यांना द्यायचाच आहे आणि त्यांचे गुण त्यांच्या घराला गरजेचे आहेत. एका तासाच्या घटकाला दोन तास लागले. तो एक तास भरून काढायला मी अभ्यासक्रमातील एक वर्णनात्मक भाग, जो विद्यार्थी स्वतः वाचू शकतात, टिपण देऊन त्यांच्याकडे सोपवला. एका वर्षाच्या अनुभवावरून निकालाविषयी काही म्हणणे योग्य होणार नाही.

माझे पान आता असे सुरू होते : ‘माझा विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा त्याने बाजार पाहिलेला असतो. त्याने पाहिलेले आणि पुस्तकात लिहिलेले यांत अंतर दिसले, तर त्या अंतराला वेळ देणे हे माझे पहिले काम आहे; घटक त्यानंतर.’ पुढे दोन परिच्छेद आहेत. ‘हे घडते आहे हे मला कशावरून कळते’ या चौथ्या प्रश्नाखाली मी लिहिले आहे की एकदा प्रश्न विचारलेला विद्यार्थी दुसऱ्यांदा विचारतो का, याची मी हजेरीपत्रकाच्या मागच्या पानावर खूण ठेवते. ते पान मी दर जूनमध्ये पुन्हा लिहिणार आहे, कारण कार्यशाळेत भूमिका लिहायला शिकवले, पण ती वर्षानुवर्षे कशी बदलत न्यायची यावर काहीच सांगितले गेले नाही, आणि ते मला स्वतःलाच शोधावे लागेल.

पाच-सात वर्षे शिकवून झालेल्यांना या चार शनिवारांचा सर्वाधिक उपयोग होईल. अगदी नव्याने लागलेल्यांकडे लिहिण्याजोगे फसलेले तास अजून साठलेले नसतात, त्यांनी दोन वर्षे थांबले तरी चालेल. पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र हवे असेल तर येथे जाऊ नये, कारण सहभागाचे साधे पत्र मिळते आणि ते पदोन्नतीच्या ‘कॅस’ योजनेसाठी धरले जात नाही. नोंदणी करणाऱ्यांनी आपले शोधनिबंध किंवा चालू पीपीटी नेण्याची गरज नाही. एका विद्यार्थ्याची, शक्यतो मागच्या बाकावरच्या, भरलेली वही मात्र मागून घेऊन जावी. पहिल्या शनिवारी दुपारीच ती लागते आणि माझ्याकडे नव्हती.